हे झाड कोण खातं?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या दोन कामं करत आला आहे. एक तलावातल्या मासेमारीचं, दुसरं जंगलात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळण्याचं. भंडारा जिल्ह्यात देशी झाडांची बाग करायची असेल, तर पुस्तकाआधी या दोन कामांकडे बघावं असं मला वाटतं.

टसरची अळी येनाचा किंवा अर्जुनाचा पाला खाते. ती उघड्या झाडावरच वाढते. पाळणारे मुंग्या आणि पाखरं हाकलत तिची राखण करतात. चार वेळा कात टाकून ती कोसा विणते. त्यातून निघणाऱ्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. तो जेमतेम काही दिवस जगतो, मादी अंडी घालते आणि संपतं. आयुष्यभराचं अन्न अळीनेच खाऊन ठेवलेलं असतं. गुलमोहराच्या पाल्यावर ही अळी जगत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फुलपाखरांची बाग लावताना मात्र आपण हेच विसरतो. रंगीत फुलं लावतो, म्हणजे मोठ्यांच्या मधाची सोय करतो आणि पोरांना उपाशी ठेवतो. घाणेरीवर फुलपाखरं गर्दी करतात, पण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाचा पाला आपल्याकडच्या फार थोड्या अळ्यांना चालतो. उलट बांधावरची रुई बघा. काळ्या-पांढऱ्या टोकांच्या केशरी फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर पोसतात. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळसर फुलपाखरं अंडी घालतात. बेल, लिंबू, कढीपत्ता एका कुळातले, त्यांच्या वेगळ्याच अळ्या. पावसाळ्यात उगवणारा तरोटा आपण भाजीला खुडतो, उरलेला छोटी पिवळी फुलपाखरं वापरतात. तेंदूपानं गोळा करणाऱ्यांच्या हाती लागणारी कुरतडलेली पानंही कुणाचं तरी जेवण असतात. देशी बागेत पानाला भोकं पडणारच. ती दिसली की औषध मारायला धावू नये, बाग चालू झाली असं समजावं.

आता परागीभवनाचं. धानाला मधमाशी लागत नाही, म्हणून धानाच्या जिल्ह्यात हा विषय मागे पडला. पण धुऱ्यावर तूर असते, धान निघाल्यावर बांधीत लाखोळी आणि जवस असतं, आणि वैनगंगा-चुलबंदच्या काठाने भाजीपाला असतो. कारलं, दोडका, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी. कीटक आला नाही तर फळ धरत नाही. वांग्याची रचना आणखी नवलाची. त्याचे परागकण परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. काळा भुंगा फूल घट्ट पकडून अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हा ते झडतात. मधाच्या पेटीतल्या सातेरीला हे जमत नाही. म्हणून नुसत्या पेट्या ठेवून भागत नाही, एकट्याने राहणाऱ्या रानमाश्याही टिकाव्या लागतात. भुंगा सुक्या लाकडात आणि बांबूत घर करतो, कितीतरी माश्या मोकळ्या जमिनीत बिळं करतात, काही मातीच्या भिंतीत. अंगण सगळं फरशीने झाकलं, सुकी फांदी तोडली, की त्यांचं घर गेलं. मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीतही याच कारणाने सोडायला हवी. पाचोळ्यात कोश असतात. खाली जाळी अंथरली तरी फुलं मिळतात, आणि स्वच्छ मिळतात.

तलावातही तेच सूत्र, कोण काय खातं ते आधी बघायचं. अर्जुनी-मोरगाव तालुका आज गोंदियात आहे, 1999 पर्यंत भंडाऱ्यात होता. तिथे मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ढिवरांना सोबत घेऊन मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर काम केलं. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती खातो, हे मच्छीमारांना तोंडपाठ होतं. बेशरम हे तण उपटायचं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरायचा, मग पावसाळ्यात चांगल्या तलावातून आणलेल्या देशी वनस्पती लावायच्या, असा क्रम होता. हे आपल्या भागात झालेलं देशी लावणीचं सर्वांत विचारपूर्वक काम आहे, आणि ते पाण्याखाली असल्यामुळे त्याची पुरेशी चर्चा होत नाही याची मला खंत वाटते.

जागेचा प्रश्न फारसा नाही. सांदवाडी आहे, शाळेचं कुंपण आहे, तलावाची पाळ आहे. पाण्याजवळ अर्जुन, जांभूळ, कळंब. चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत पळस. बरडीवर येन, तेंदू, चार. फुलांचे महिने वाटून घ्यावेत. पळस आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यामागून मोह आणि बहावा. पावसाळ्याचं गवत आणि तरोटा मुळासकट काढू नये.

रोपवाटिकेत हे सगळं मिळेलच असं नाही, तेव्हा बिया स्वतः गोळा कराव्यात. बहाव्याचं बी कठीण असतं, दगडावर थोडं घासून पेरावं. मोहाची टोळंबी मात्र साठवणीत टिकत नाही. पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली सापडली की त्याच आठवड्यात मातीत घालावी, आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपावी.