मेणबत्तीची ज्योत

रात्री वीज गेली म्हणजे घरोघर फडताळात मेणबत्तीचा शोध सुरू होतो. काडी ओढली, वात पेटली, की खोलीत उजेड पसरतो व मुले पुन्हा पुस्तकात डोके घालतात. वस्तू इतकी साधी. परंतु मायकेल फॅरडे या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने १८६० सालच्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी जी सहा व्याख्याने दिली, ती सर्व या मेणबत्तीवरच होती.

मेणबत्तीत जळते तरी काय? वात म्हणावी, तर नुसता सुताचा दोरा पेटविल्यास तो क्षणात जळून जातो. मेण म्हणावे, तर मेणाच्या गोळ्याला काडी लावल्यास तो वितळतो, पेटत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेणाचा रस होतो. तो वातीच्या धाग्यांतून वर चढतो, तेथे त्याची वाफ होते, आणि जळते ती ही वाफ. फॅरडेने ही गोष्ट मोठ्या गमतीने दाखविली. विझलेल्या वातीतून पांढरा धूर निघू लागताच त्याने वातीपासून दोन-तीन इंच अंतरावर त्या धुराला ज्योत लावली. आग धुरावरून धावत खाली आली व वात पुन्हा पेटली! म्हणून फुंकर घालताच मेणबत्ती विझली असे समजून उठून जाणे बरे नव्हे. धूर थांबेपर्यंत तिच्याजवळ थांबावे.

ज्योतीच्या बाजूला थोड्या अंतरावर हात धरला तर ऊब तेवढी लागते; तोच हात वर धरला तर चटका बसतो. तापलेली हवा हलकी होऊन सरळ वर जाते, हे त्याचे कारण. ज्योतीतील उष्णता हजार अंश सेल्सिअसहूनही अधिक असते. वरच्या दांडीवरचे कपडे, फळीची कड, देव्हाऱ्याचे लाकडी छत यांना धोका असतो तो यामुळेच. मच्छरदाणीत मेणबत्ती घेऊन वाचणे हा तर शुद्ध अविचार होय.

वात लांब राहिली की वाफ अधिक होते, ज्योत उंच उठते व काजळी धरते. पूर्वी वातीचे टोक कात्रीने वरचेवर कापावे लागे. पुढे विणलेली वात निघाली. ती जळताना वाकते व तिचे टोक आपोआप जळून जाते. तरीही पेटविण्यापूर्वी वात पाव इंचाहून लांब नसावी.

खरा धोका मेणबत्ती संपत येते तेव्हा. टेबलावर मेणाचे चार थेंब पाडून त्यांत ती उभी करण्याची सवय पुष्कळांना असते. अशी मेणबत्ती शेवटच्या अर्ध्या इंचावर आली म्हणजे तिच्याभोवती मेणाचे तळे साचते. त्यात जळक्या काडीचा तुकडा पडला, तर तोच दुसरी वात बनतो. ज्योत मोठी होते, मेण अधिक तापते, आणि एक वेळ अशी येते की सारे तळेच पेट घेते. प्लॅस्टिकचे झाकण खाली असले, तर तेही वितळून त्या आगीत भर घालते. यासाठी मेणबत्ती धातूच्या किंवा मातीच्या जड बैठकीत, वाऱ्यापासून व पडद्यापासून दूर ठेवावी आणि अखेरचा तुकडा जळू न देता आधीच विझवावा.

पेटलेल्या मेणावर पाणी मात्र कदापि ओतू नये. पाणी मेणाहून जड. ते तळाशी जाते, तेथे एकदम उकळते, आणि त्याची वाफ मूळच्या पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. ती उसळताना जळते मेण चोहोकडे उडविते. आग लहान असेल तर मोठ्या माणसाने तिच्यावर स्टीलचे झाकण अलगद सरकवावे. हवा तुटली की ती विझते.

अंगावर मेण सांडून भाजल्यास तो भाग वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, शाई वा दंतमंजन लावू नये, चिकटलेले मेण ओढून काढू नये. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. धावल्याने ज्वाळांना अधिक हवा मिळते. जमिनीवर पडून लोळावे.

अंधारात स्वयंपाकघरातून गॅसचा वास येत असेल, तर मेणबत्ती पेटविण्याचा विचारही करू नये. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये आणि मोठ्या माणसांना बोलावून घराबाहेर पडावे.