थेंब इथे, भोक तिथे

पावसाळा संपता संपता एका सकाळी पडवीत पेट्रोलचा वास आला. वडिलांची 1989 सालची आरएक्स 100 चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. कोब्यावर तळहाताएवढा ओला डाग आणि टाकीखाली कॉकच्या टोकाला लोंबणारा थेंब. दुपारपर्यंत माणसं येऊन तीन उपाय सांगून गेली. काका म्हणाले, "कॉक गेलाय, नवा बसव." शेजारच्यांनी एमसीलची पुडी आणून दिली. मामा म्हणाले, "टाकीत पाणी भर आणि वेल्डिंग मारून आण, पाच मिनिटांचं काम." सगळे आपुलकीनेच बोलत होते. पण यातला एक सल्ला पैसे वाया घालवणारा होता, एक आठवडाभर टिकणारा आणि एक जिवावर बेतणारा. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या घराघरांत हेच सल्ले ऐकू येतात, म्हणून एकेक नीट बघू.

पहिला गैरसमज: थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते. पेट्रोल पाण्यापेक्षा फार पातळ. ते पत्र्याला धरून सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला आलं की थेंब होऊन पडतं. टाकी दोन-तीन दाबलेले पत्रे जोडून बनवलेली असते. खालच्या जोडाची कड पन्हळीसारखी काम करते, त्यामुळे मागच्या कोपऱ्यातलं भोक पुढच्या कॉकवर थेंब दाखवू शकतं.

शोधायची रीत सोपी आहे. आधी कॉक बंद करून बघा. गळणं थांबलं आणि कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीचं तोंड ओलं असेल तर टाकीचा दोष नाही, फ्लोटची नीडल नीट बसत नाहीये. कॉक बंद असूनही गळत असेल तर टाकी उतरवा, बाहेरून कोरडी पुसा, दोन विटांवर ठेवा आणि खालच्या अंगाला खडूची पूड चोळा. पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटते आणि ती रेघ उलटी चढत गेली की भोक सापडतं. आमच्या टाकीत ती रेघ कॉकपासून वीतभर मागे, चॅसिसच्या नळीवर बसणाऱ्या पोकळीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबली. तिथला रंग नखाएवढा फुगला होता. नखाने दाबला तर आत मऊ लागलं.

अर्धी टाकी संपल्यावर गळणं आपोआप थांबत असेल तर भोक त्या पातळीच्या वर आहे, एवढं तरी कळतं. काठोकाठ भरून उन्हात लावलेली गाडी झाकणातून पेट्रोल सांडते, तेव्हा बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. 20 अंश तापमान वाढलं की 10 लिटर पेट्रोल सुमारे 200 मिलिलिटरने फुगतं, आणि त्याला जागा हवी असते.

भोक शोधायला कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही मारू नका. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण टाकीच्या 1000 चौरस सेंटिमीटरच्या अंगावर तो 1000 किलोचा रेटा होतो. पत्रा फुगून बसतो आणि चांगले जोडही उकलतात.

दुसरा गैरसमज: बाहेरून रंग चकचकीत आहे, म्हणजे पत्रा चांगला आहे. टाकी सडते ती बहुतेक वेळा आतून. रिकाम्या जागेतल्या हवेतला दमटपणा रात्री थंड पत्र्यावर पाणी होऊन बसतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाच्या कोपऱ्यात साचतं आणि तिथेच वर्षानुवर्षं पत्रा खात राहतं. म्हणूनच गाडी उभी ठेवताना टाकी नुसती रिकामी करून ठेवायची सवय घातक आहे, कोकणच्या पावसाळ्यात तर जास्तच. एक तर टाकी भरून ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून, वाळवून, आतून तेलाचा हात फिरवून ठेवावी. आम्ही चार महिने अर्धी टाकी तशीच ठेवली होती, ही आमची चूक.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून "इथेनॉलने टाकीला भोक पाडलं" असंही सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य थोडंच आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा जड थर वेगळा होऊन तळाशी बसतो. महिनोन्महिने उभ्या गाडीत हा थर गंजाला हातभार लावतो. जुन्या नळ्या आणि वॉशर यांचं रबर इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं, ते बदलायलाच हवं. पण धडधाकट पत्र्याला एका हंगामात भोक पडत नाही. ते बरीच वर्षं तयार होत असतं.

तिसरा, एमसीलचा. इपॉक्सी पुट्टी वाईट नाही, पण ती पेट्रोलने ओल्या किंवा रंगावरच्या जागी धरत नाही. टाकी रिकामी करून, रंग खरवडून, पत्रा घासून उघडा केला तरच ती काही काळ टिकते. रस्त्यात अडकलात तर त्याहून सोपा उपाय कपड्याच्या साबणाची वडी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, भोकावर घट्ट चोळला तर घरी पोचेपर्यंत तग धरतो. दोन्ही उपाय तात्पुरतेच. भोकाभोवतीचा पत्रा कागदासारखा झालेला असतो आणि आठवड्याने शेजारी दुसरं भोक पडतं.

आता मामांचा सल्ला. हा गैरसमज सगळ्यात भयंकर, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. पेट्रोल स्वतः द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि हवेत ती दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास मिसळली की स्फोटाला तयार असते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. पाण्याने विसळल्यावर वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं असं नाही. जोडांच्या फटीत आणि गंजाच्या पापुद्र्यात ते मुरलेलं असतं आणि ज्योत लागताच वाफ होऊन बाहेर येतं. टाकीत पाणी भरलं तर उरलेलं पेट्रोल पाण्यावर तरंगत वर येतं, म्हणजे वेल्डिंगची ज्योत असते नेमकी तिथे. पाणी भरण्याची रीत अनुभवी कारागीर वापरतातही, पण टाकी आधी नीट धुऊन झाल्यावर. धुण्याला पर्याय म्हणून नव्हे.

आमची टाकी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेली. त्यांनी ज्योत लावायचं नावच काढलं नाही. गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून टाकी तीनदा खळखळून धुतली, दोन दिवस झाकण आणि कॉकचं तोंड उघडं ठेवून मोकळ्या जागेत वाळवली. मग झाकणाच्या तोंडाला बूच मारून टाकी उलटी केली, भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरलं, कॉकचं तोंड उघडंच ठेवलं. भोकाभोवतीचा पत्रा चकाकेपर्यंत घासला आणि पेचकसाच्या टोकाने चाचपून पाहिला. जिथे टोक रुतलं तिथवर खराब भाग मानला आणि त्यावर पितळी पत्र्याचं नाण्याएवढं ठिगळ बसवलं. तांब्याच्या जाड टोकाचं हत्यार लांब दुसऱ्या खोलीतल्या भट्टीत तापवून, भांड्यांना देतात तसा डाक दिला. हे काम घरी करू नका. ज्यांचा हात रोज त्यावर आहे त्यांच्याकडेच टाकी द्या, आणि आधी ते ती कशी धुतात ते विचारा.

आतला गंज काढायला बाथरूमचं ॲसिड ओततात, तेही चुकीचं. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर मिनिटांत टाकी पुन्हा तांबूस होते. व्हिनेगर किंवा किराण्यातल्या लिंबूफुलाचं पाणी एक-दोन दिवस ठेवलं तरी पुष्कळ गंज सुटतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची आणि थोडं तेल फिरवायचं. आतून इपॉक्सीचं अस्तर देता येतं, पण उरलेल्या गंजावर दिलेलं अस्तर पापुद्र्याने सुटून कॉकची जाळी बंद करतं.

डाक दिल्यावर टाकीत दोन लिटर पेट्रोल घातलं, पुन्हा खडू चोळला, खाली वर्तमानपत्र पसरलं. दोन दिवस कागद कोरडा राहिला. टाकी बसवायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ज्या रबरी गाद्यांवर ती टेकते त्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या आणि डावीकडची तर अर्धी तुटलेली होती. त्या कोपऱ्यात पत्रा चॅसिसला घासत होता, रंग निघाल्याची लकाकती खूण तिथे दिसत होती. आतून पाणी आणि बाहेरून हे घासणं, दोन्ही एकाच जागी. कॉक तोच ठेवला, वॉशर बदलला, आणि गाद्यांची नवी जोडी पुण्याला नाना पेठेतून मागवली. ती येईपर्यंत टाकी पडवीतच, विटांवर होती.