मराठी तर घरीच येते, मग कॉलेजात कशाला?



बारावीचा निकाल लागतो तेव्हा पेरणीचे दिवस जवळ आलेले असतात. घरात बी-खताचा हिशेब चाललेला असतो, आणि त्यातच पोरगी हळूच सांगते, "आबा, मी बी. ए.ला मराठी घेणार." आबांच्या कपाळाला आठी पडते. "मराठी तर आपल्या गोठ्यातल्या म्हशीलाही कळते. त्याला फी कशापायी भरायची?"

प्रश्न रास्त आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात पुष्कळ वर्षे मराठी शिकवले आणि दर जूनला हा प्रश्न ऐकला. नोकरीची हमी मी कोणाला दिली नाही, आजही देत नाही. पण त्या तासाला नेमके होते काय, ते तुम्हांला सांगावे म्हणतो.

आनंद यादवांची 'झोंबी' घ्या. १९८७ साली निघालेल्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलच्या एका गरीब कुणब्याच्या पोराची ही खरी कहाणी. बाप त्याला शाळेतून काढून शेतावर जुंपतो. आई गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीरावांकडे, गाऱ्हाणे घेऊन जाते, तेव्हा कुठे पोराची शाळा पुन्हा सुरू होते. तीही शेतातली कामे सांभाळून. पुढे सौंदलगेकर नावाचे मास्तर कविता अशा गोडीने शिकवतात की पोरगा पिकाला पाणी देताना त्या म्हणू लागतो. मळ्यात एकटे राहणे आधी त्याला नको वाटायचे, मग तेच हवेसे होते. हाच पोरगा पुढे पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला.

हे पुस्तक वर्गात निघाले की पहिल्या दिवशी सारा वर्ग बापावर तुटून पडतो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, गडी लावायला पैसा असता तर बापाने पोराला जुंपले असते का?" लगेच एक मुलगा ताडकन म्हणाला, "बाप स्वतः गावात हिंडायचा, त्याचे काय?" मी एवढेच म्हणालो, "दोघेही पुस्तकात दाखवा. कुठे लिहिले आहे?" पुढचे दोन तास पाने उलटण्यात गेले. बाप निर्दोष ठरला नाही. पण ती मुलगी खाली बसताना हळूच म्हणाली, "आमचे आबाही असेच आहेत. पण त्यांची बाजू मी कधी विचारलीच नव्हती."

साहित्याचा तास म्हणतात तो हा. सगळेच तास असे होतात असे मात्र समजू नका. नोटा सांगायच्या, त्या उतरून घ्यायच्या आणि परीक्षेत ओकायच्या, असेही पुष्कळ चालते. तुमचा मुलगा वर्षभर पुस्तकाऐवजी गाइडच वाचत असेल तर आबांचा प्रश्न बरोबर आहे, फी फुकट गेली.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते ऐका. त्याच हिवाळ्यात तिच्या घरी बियाण्याचा प्लॉट करण्यासाठी एक व्यापारी करारनामा घेऊन आला. तोंडाने म्हणाला, सगळा माल आम्ही उचलू. आबा अंगठा पुढे करणार, तोच पोरीने कागद मागून घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. कागदावर 'माल घेता येईल' असे होते. तिने विचारले, "साहेब, 'घेण्यात येईल' असे का नाही लिहिले?" पाहा, फरक दोन अक्षरांचा. 'घेण्यात येईल' म्हणजे घेणार. 'घेता येईल' म्हणजे मर्जी झाली तर घेणार, नाहीतर पोती तुमच्या ओसरीवर. व्यापाऱ्याने कागद परत नेला. चार दिवसांनी आला तेव्हा ओळ बदललेली होती. मग आबांनी अंगठा केला.

आणखी एक गोष्ट घडते. खेड्यातली मुले कॉलेजात आली की स्वतःच्या बोलीला लाजतात. 'व्हतं', 'गेलतो' तोंडातून निघाले की जीभ चावतात. त्यांना मी बहिणाबाई चौधरींची हकीकत सांगतो. जळगावजवळच्या असोद्याची ही माउली शेतात राबली. लिहिता-वाचता येत नव्हते, पण काम करता करता आपल्या बोलीत गाणी रचायची. १९५१ साली ती गेली. मुलगा सोपानदेव, तोही कवीच, त्याच्याकडे ती गाणी उतरवलेली होती. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिच्या नावाची पदवी आज खानदेशातली मुले घेतात.

हे सांगितले की मी मुलांना सुट्टीत एक काम देई. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणा, शब्द बदलू नका. त्या मुलीने दोनशे पानी वही भरून आणली. आजीला जाते सोडून पुष्कळ वर्षे झाली होती, पण खुंटा हातात असल्यासारखा हात फिरवल्याशिवाय तिला पुढची ओवी आठवेना. मग ती हात फिरवी आणि नात लिही. आबा दारात बसून ऐकत होते. तिसऱ्या रात्री तेच म्हणाले, "अगं, एक राहिली. माझ्या बारशाची."