‘ऑर्गॅनिक’ म्हणजे नेमके काय?

एका शिक्षक-शिबिरात आम्हांला एका विद्यार्थ्याचा प्रश्न सांगण्यात आला. युरिया हे सेंद्रिय संयुग आहे असे रसायनशास्त्राचे पुस्तक सांगते. मग सेंद्रिय शेतीत युरिया का चालत नाही? प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात कमी आणि ‘ऑर्गॅनिक’ या इंग्रजी विशेषणाच्या इतिहासात अधिक सापडते.

या शब्दाचे मूळ ग्रीक ‘ऑर्गॅनॉन’. त्याचा अर्थ साधन, उपकरण. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांना पुढे हेच नाव मिळाले, कारण तर्क हे विचाराचे साधन. आपल्या संगीत नाटकांत साथीला असणारा ऑर्गनही याच कुळातला. डोळा, हृदय, मूत्रपिंड ही शरीराची साधने. म्हणून अवयव म्हणजेही ‘ऑर्गन’, आणि अवयव असलेले, अर्थात सजीवांचे, ते ‘ऑर्गॅनिक’. मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्यांनी हा अर्थ अचूक पकडला आहे : स + इंद्रिय = सेंद्रिय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांच्या रसायनशास्त्राला हे विशेषण लावले. असे पदार्थ घडण्यास ‘जीवनशक्ती’ लागते, असा तेव्हा समज होता. १८२८ मध्ये त्यांचेच शिष्य व्होलर यांनी मूत्रात सापडणारा युरिया अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत मिळवला. (या एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना कोसळली असे आपण वर्गात सांगतो, प्रत्यक्षात ती ओसरायला आणखी काही दशके जावी लागली.) कल्पना गेली, विशेषण मात्र राहिले. कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेटे असे काही अपवाद वगळता कार्बनची सारी संयुगे आता सेंद्रिय म्हणवली जातात. त्यामुळे पॉलिथीन सेंद्रिय, आणि डीडीटीसुद्धा! ‘कार्बनी’ हा पर्यायी शब्द आम्हांला म्हणूनच अधिक बरा वाटतो.

शेतीत हा शब्द वेगळ्या वाटेने आला. इंग्लंडमधील लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० साली ‘लुक टू द लँड’ या पुस्तकात शेत हा जणू एक सजीव देह आहे, असा विचार मांडला. माती, पिके, जनावरे, माणसे हे त्याचे परस्परावलंबी अवयव. म्हणजे शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे वळला. कार्बनशी त्याचा येथे काही संबंध नाही. द्राक्षबागेत भुरीवर मारतात ते गंधक रसायनशास्त्राच्या दृष्टीने असेंद्रिय, तरी सेंद्रिय शेतीच्या नियमांत बसते. युरियाचे नेमके उलटे.

आता त्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट सांगता येईल. गोमूत्रातही युरिया असतो, आणि गोमूत्र सेंद्रिय शेतीत चालते. त्यातला युरियाचा रेणू आणि पोत्यातल्या युरियाचा रेणू यांत तिळमात्र फरक नाही. जमिनीतील युरिएज हे विकर दोहोंचे सारखेच विघटन करून अमोनिया मुक्त करते. आक्षेप रेणूवर नाही, तो कोठून व कसा आला यावर आहे. पोत्यातला युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून कारखान्यात बनून शेतात येतो. गोमूत्र शेतावरच्याच गोठ्यातून येते.