साखरेवरची नक्षी

“मुलगी काय करते हल्ली?” असे कुणी विचारले, की आत्ताआत्तापर्यंत मी “सध्या घरीच असते” असे सांगून विषय बदलत असे. खरे म्हणजे आमची कन्या वाणिज्य शाखेची पदवी घेऊन केक सजवते. इंदिरानगरातल्या आमच्या लहानशा स्वयंपाकघरात फिरते तबक, कोनाच्या पिशव्या आणि रंगांच्या बाटल्या यांनी ओटा असा व्यापला आहे, की चहाचे आधण ठेवायलाही परवानगी काढावी लागते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईच्या मुलीने लोकांच्या वाढदिवसांचे केक करावेत, हे माझ्या मनाला रुचत नव्हते, दुसरे काय?

माझे डोळे उघडले ते सासूबाईंमुळे. गेल्या श्रावणात लेकीला एका लग्नाच्या केकचे काम आले होते. तीन दिवस खपून तिने साखरेची फुले केली आणि चौथ्या दिवशी पाहते तो पाकळ्या माना टाकून बसलेल्या! पोर रडकुंडीला आली. अंड्यामुळे त्या ओट्याला हातही न लावणाऱ्या आई दारातूनच म्हणाल्या, “अगं, हवा ओली आहे. साखर पाणी पिते. पावसाळ्यात कधी कुणी हलवा केलाय का?”

त्या एका वाक्याने मला जुन्या नाशकातला आमचा वाडा आठवला. पौषातली नाशिकची कोरडी थंडी, मंद शेगडीवर परात, तिच्यात खसखस किंवा तीळ, वरून थेंबाथेंबाने पडणारा पाक आणि तासन्‌तास फिरणारी आईंची बोटे. पाक अंगावर वाळत जातो, साखरेचे बारीक स्फटिक धरतात आणि दाण्यावर काटा फुलतो. घाई केली की गोळा. आच वाढली की रंग गेला. मग त्या हलव्याचे हार, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा! नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण असो की तान्ह्याचे बोरन्हाण, वाड्यातली मंडळी आईंकडेच येत. मोबदला काय? खण-नारळ आणि “हाताला काटा छान येतो हो तुमच्या!”

तिकडे विलायतेत याच साखरेने निराळे रूप घेतले. एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी १७६९ साली छापलेल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि मग साखरेचा थर द्यायची कृती आहे. पांढरीशुभ्र साखर तेव्हा महाग. म्हणून केक जितका पांढरा तितके घर श्रीमंत! १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेले ‘रॉयल आयसिंग’ वाळले की चुन्याच्या गिलाव्यासारखे कडक होते, म्हणूनच त्यातून जाळ्या आणि महिरपी उठवता येतात. रेघेवर रेघ चढवून नक्षी उभारण्याच्या पद्धतीवर जोसेफ लॅम्बेथ यांनी १९३४ साली ग्रंथच लिहिला.

भाषेच्या शिक्षिकेला इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजांची ‘शुगर’ ही मुळात आपली शर्करा आणि त्यांची ‘कँडी’ म्हणजे आपली खांड! फारशी-अरबीच्या वाटेने हे शब्द तिकडे गेले. तेव्हा केक परका म्हणा हवे तर. साखर मात्र माहेरचीच.

आणि अंड्याचे काय? पुण्याच्या प्राची धबल देब यांनी विलायतेत एडी स्पेन्स यांच्या हाताखाली ही कला शिकून अंडे नसलेले रॉयल आयसिंग तयार केले. त्यातून त्यांनी मिलानच्या कॅथीड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती उभारली आणि २०२२ साली तिची चांगलीच वाखाणणी झाली. लेकीने हे आजीला सांगितले, फोटो दाखवला. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बिनअंड्याचं करतेस? मग आण इकडे.”

त्या संध्याकाळी नात कोन दाबत होती आणि आजी कंप सुटलेल्या हाताने तिचे मनगट धरून सांगत होती, “दाब सारखा ठेव. श्वास सोडताना हात हलवू नको.” आईंचे दागिने संक्रांत सरली की खाऊन संपत, त्यांचा एक फोटोही आमच्याकडे नाही. त्या कलेला कुणी कला म्हटले नाही, आणि मीही, घरात राहून, कधी म्हटले नाही. तीच चूक मी दुसऱ्या पिढीत करत होते.

या दिवाळीत फराळाला येणारे पाहुणे विचारतीलच, “मुलगी काय करते?” उत्तर तयार आहे: “केक सजवते. आजीच्या वळणावर गेली आहे.”