गुळवेल

गुळवेल (शास्त्रीय नाव: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) ही मेनिस्पर्मेसी कुळातील बहुवर्षायू औषधी वेल आहे. संस्कृतमध्ये तिला गुडूची, अमृता, छिन्नरुहा, तर हिंदीत गिलोय म्हणतात. नावात गूळ असला तरी तिची चव कडू असते. भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथातील एका वर्गाला 'गुडूच्यादि' असे तिचेच नाव आहे.

वर्णन

पाने हृदयाकृती व लांब देठाची असतात. कोवळे खोड हिरवे असते. जून खोडावरची साल कागदासारखी पातळ असून सहज सुटते. खोड आडवे कापल्यास आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. म्हणूनच 'चक्रलक्षणा' हे नाव. फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळे लोंबतात. नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले पिवळसर असून पिकलेली फळे लाल व वाटाण्याएवढी असतात.

परसबागेतील लागवड

कापलेला तुकडाही पुन्हा रुजतो, हाच 'छिन्नरुहा' या नावाचा अर्थ. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, किमान दोन पेरांचे तुकडे घ्यावेत. त्यांचे खालचे टोक निचऱ्याच्या मातीत खोचावे. वेलीला कुंपण, मांडव किंवा झाडाचा आधार लागतो. कडुनिंबावर चढलेली वेल औषधासाठी उत्तम, असा परंपरागत समज आहे. औषधासाठी बोटाएवढे जाड झालेले खोड घेतात; बुंधा राखल्यास वेल पुन्हा फुटते.

उपयोग

आयुर्वेदात गुळवेल प्रामुख्याने ज्वरावर वापरली जाते. खोड ठेचून, पाणी एक चतुर्थांश उरेपर्यंत उकळून काढा करतात. ठेचलेले खोड रात्रभर पाण्यात भिजवून, कुस्करून गाळतात व तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. यास 'गुळवेल सत्त्व' म्हणतात.

ओळख आणि दक्षता

कोविड-१९ साथीच्या काळात घरोघरी गुळवेलीचा वापर वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे शोधनिबंधात नोंदवले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य करून, वनस्पतीची ओळख पटवलेली नसल्याचा आक्षेप घेतला. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी वेगळी वेल आहे. तिचे खोड करडसर असून त्यावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात आणि कापल्यास दुधी द्रव येतो. गुळवेलीत ही दोन्ही लक्षणे आढळत नाहीत.

ओळख अचूक असली तरी स्वतःहून दीर्घकाळ सेवन करणे योग्य नाही. यकृताचे विकार, संधिवातासारखे स्वप्रतिकारशक्तीचे आजार किंवा गर्भारपण असल्यास, तसेच मधुमेहाची औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. सेवनानंतर कावीळ, गडद लघवी किंवा अतिथकवा जाणवल्यास ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.