संवादी कथा व लघु संगणक-खेळ

वाचकाने वेळोवेळी केलेल्या निवडीनुसार किंवा दिलेल्या आज्ञेनुसार जिचा पुढील भाग ठरतो, अशा संगणकावर वाचावयाच्या कथेस ‘संवादी कथा’ म्हणतात. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नियंत्रणाबाहेर राहून एका व्यक्तीने वा लहान गटाने तयार केलेल्या व्हिडिओ गेमला ‘स्वतंत्र खेळ’ असे नाव आहे. अशा खेळांपैकी काही मिनिटांत किंवा फार तर एका बैठकीत संपणारे, कौशल्यापेक्षा कथनावर भर देणारे खेळ संवादी कथेला इतके जवळचे आहेत की, दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

स्वरूप : संवादी कथेचा मूळ घटक म्हणजे फाटा होय. हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा येथे नांदेडहून आलेला रस्ता दुभंगतो. एक वाट कळमनुरी व हिंगोलीकडे जाते, तर दुसरी हदगाव व उमरखेडवरून यवतमाळकडे वळते. नकाशा दोन्ही प्रवाशांना एकच असतो. परंतु एकाने पाहिलेली गावे दुसऱ्याला दिसत नाहीत. संवादी कथेचा लेखक असाच सर्व वाटांचा नकाशा तयार करतो व वाचक त्यांतील एक प्रवास करतो. प्रत्येक फाट्यावर दोनच पर्याय ठेवले, तरी लागोपाठच्या दहा निवडींनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतील. हे अशक्यप्राय असल्याने लेखक दुरावलेल्या वाटा काही अंतरावर पुन्हा एकत्र आणतो आणि वाचकाने आधी काय निवडले याची नोंद संगणकाच्या स्मृतीत ठेवतो. मागे केलेली एखादी क्षुल्लक वाटणारी निवड या नोंदीमुळेच पुढे अर्थपूर्ण ठरते. छापील कथेपासून संवादी कथा वेगळी होते ती मुख्यतः या स्मृतीमुळे.

पूर्वरूपे : कथा व खेळ यांचा संयोग जुना आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात खेळाडू सद्गुणांच्या शिडीने वर चढतो व दुर्गुणांच्या सर्पामुळे खाली येतो. त्यात नैतिक कथन आहे. परंतु चाल दानावर अवलंबून असल्याने निवड नाही. वेताळपंचविशीत प्रत्येक कथेच्या शेवटी वेताळ राजा विक्रमाला कोडे घालतो व राजाने उत्तर दिल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जातो. येथे श्रोत्याच्या कृतीने कथा पुढे सरकते. मात्र तो श्रोता कथेतीलच पात्र असतो. आधुनिक साहित्यात खॉर्खे लुईस बॉर्खेस (१८९९–१९८६) या अर्जेंटिनी लेखकाने १९४१ मध्ये दुभंगत जाणाऱ्या वाटांच्या ग्रंथाची कल्पना एका कथेत मांडली. खुल्यो कोर्तासार यांच्या रायुएला (१९६३) या कादंबरीत प्रकरणे वाचण्याचा एकाहून अधिक क्रम सुचविलेला आहे. अमेरिकेत १९७९ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ या बालवाचकांच्या पुस्तकमालेने पर्यायी वाटांची रीत लोकप्रिय केली.

विकास : संगणकावरील संवादी कथेचा प्रारंभ विल क्राउदर यांच्या ॲडव्हेंचर या रचनेपासून मानतात. क्राउदर हे संगणक-आज्ञावलीकार असून त्यांना गुहासंशोधनाची आवड होती. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या परिचयावर आधारलेली ही रचना त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास केली व १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तिचा विस्तार केला. तिच्यात चित्रे नव्हती. संगणक स्थळाचे वर्णन लिहून दाखवी व वाचक एका-दोन शब्दांची आज्ञा टंकलिखित करी. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील तरुणांनी झॉर्क ही याच पद्धतीची रचना केली. त्यांपैकी काहींनी इतरांसमवेत १९७९ मध्ये ‘इन्फोकॉम’ ही कंपनी स्थापन केली. ही कंपनी १९८९ मध्ये बंद पडल्यावर व्यापारी बाजारपेठेतून हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. परंतु हौशी लेखकांनी तो जगविला. ग्रॅहॅम नेल्सन यांनी १९९३ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही रचनाप्रणाली उपलब्ध करून दिली व १९९५ पासून संवादी कथांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन तासांच्या वाचनावरूनच गुण द्यावेत, या तिच्या नियमामुळे लघुरूपास उत्तेजन मिळाले. ॲडम कॅड्र यांची फोटोपिया (१९९८) ही त्या स्पर्धेत प्रथम आलेली रचना कोड्यांऐवजी कथनालाच प्राधान्य दिल्यामुळे विशेष उल्लेखनीय मानली जाते.

क्रिस क्लाइमस यांनी २००९ मध्ये ‘ट्वाइन’ हे मुक्त साधन प्रसिद्ध केले. यात आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. मजकुरातील एखादा शब्द निवडला की पुढील परिच्छेद उघडतो. आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण नसलेल्या लेखकांना त्यामुळे हे क्षेत्र खुले झाले. याच काळात लघु स्वतंत्र खेळांचाही उदय झाला. जेसन रोहरर यांच्या पॅसेज (२००७) या खेळात पाच मिनिटांत एका मनुष्याचे संपूर्ण आयुष्य उलगडते. मेलबर्न येथे तयार झालेल्या फ्लॉरेन्स (२०१८) या खेळात एका तरुणीचे क्रिश या वादकावरील प्रेम व त्याचा शेवट यांची कथा अगदी थोड्या शब्दांत सांगितली आहे. लघुकथेप्रमाणे या खेळांतही एकच अनुभव केंद्रस्थानी असतो व त्याला पोषक नसलेले सर्व काही वगळलेले असते.

महाराष्ट्र व परिसर : पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान गटाचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा खेळ भारतीय स्वतंत्र खेळांच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा होय. अपहृत भावाचा शोध घेणाऱ्या राजी या मुलीची ही कथा असून तिच्यात पुराणकथांचा आधार घेतला आहे. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा केलेला प्रयत्न अयशस्वी झाला होता. तरीही तो पूर्णत्वास गेला आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्यास नामांकन मिळाले. गोव्यातील ‘फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्ह’ या नावाने काम करणारे अरमान संधू यांचे रेनस्वेप्ट (२०१९) व फॉरगॉटन फील्ड्स (२०२१) हे खेळ कथनप्रधान आहेत. लेखन खुंटलेला एक लेखक आपले बालपणीचे घर विकले जाण्यापूर्वी तेथे परततो, हे दुसऱ्या खेळाचे सूत्र आहे. गुजरातमधील वापीनजीकच्या चला येथील ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ने अ म्यूझियम ऑफ ड्यूबियस स्प्लेंडर्स (२०१८) यांसारख्या छोट्या रचनांतून वसाहतकालीन इतिहास व काल्पनिक साहित्य यांची सांगड घातली आहे.

या रचनांतील अनुभव येथील असला, तरी त्यांची प्रथम भाषा इंग्रजी आहे. राजीच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली. परदेशी ग्राहकवर्ग हे या भाषानिवडीचे एक कारण होय. दुसरे कारण खुद्द या प्रकाराच्या भाषिक घडणीत आहे.

मराठीतील रचनेचे प्रश्न : प्रारंभीच्या संगणकांची वर्णसंकेतावली १२८ चिन्हांची व इंग्रजीपुरती होती. १९९१ मध्ये ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाल्याने लिपीचा अडसर पुढे दूर होत गेला; व्याकरणाचा प्रश्न मात्र राहिला. आज्ञा समजून घेणारी यंत्रणा प्रथम वाक्यातील शब्द सुटे करते. इंग्रजीत वस्तूचे नाव बहुधा न बदलता येते व संबंध दाखविणारा शब्द वेगळा असतो. मराठीत ‘दिवा’ या एकाच शब्दाची दिव्याला, दिव्यात, दिव्याने अशी रूपे होतात. सामान्यरूपाचे नियम यंत्राला शिकविल्याखेरीज ही एकाच वस्तूची नावे आहेत, हे त्याला कळत नाही. ‘किल्लीने पेटी उघड’ आणि ‘पेटी किल्लीने उघड’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध असल्याने शब्दांच्या क्रमावरही विसंबता येत नाही.

निवडीवर आधारलेल्या कथेत ही अडचण उद्भवत नाही. मात्र तेथे वाचकाला कसे संबोधावे, हा प्रश्न येतो. संवादी कथा बहुधा द्वितीय पुरुषात लिहितात. इंग्रजीतील द्वितीय पुरुषी सर्वनामाने वाचकाचे लिंग, वय वा मान यांपैकी काहीच व्यक्त होत नाही. मराठीत ‘तू दारात उभा आहेस’ असे लिहिताच वाचक पुरुष ठरतो. ‘उभी आहेस’ म्हणताच स्त्री ठरते. ‘तुम्ही उभे आहात’ या रचनेने लिंगाचा प्रश्न बराचसा टळतो. परंतु सलगी नाहीशी होते. म्हणून कोणतीही व्यक्ती कथेचा नायक होऊ शकते, हे या प्रकाराचे गृहीत मराठीत आपोआप सिद्ध होत नाही.

यावर तीन उपाय संभवतात. पहिला, आरंभीच वाचकाकडून लिंग व संबोधन जाणून घेऊन क्रियापदांची रूपे त्यानुसार बदलावीत. संगणकास हे सहजसाध्य आहे, परंतु लेखकाचे श्रम वाढतात. दुसरा, नायकास निश्चित नाव व व्यक्तित्व देऊन वाचकास त्याचा सल्लागार करावे. तिसरा उपाय मराठी व्याकरणातच आहे. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्मानुसार चालते. ‘तू पेटी उघडलीस’, ‘तू दिवा लावलास’ या वाक्यांवरून कर्ता पुरुष की स्त्री हे समजत नाही. ‘तुला पावले ऐकू येतात’ यासारख्या वाक्यांतही ते अध्याहृत राहते. भूतकाळातील सकर्मक क्रियापदे व अनुभवदर्शक रचना यांचा जाणीवपूर्वक उपयोग केल्यास ‘तू’ची सलगी कायम ठेवून वाचकाला मोकळे ठेवता येते. ‘गेलास–गेलीस’ यांसारख्या अकर्मक क्रियापदांच्या ठिकाणी मात्र वाक्य वेगळ्या रीतीने घडवावे लागते.

यावरून मराठी संवादी कथा इंग्रजी रचनांच्या केवळ भाषांतराने घडणार नाही, हे स्पष्ट होते. ट्वाइनसारखी साधने विनामूल्य आहेत, देवनागरी लिपीत लिहिता येते आणि लघुरूपाला मोठे भांडवल लागत नाही. त्यामुळे एकट्या लेखकालाही असा प्रयोग शक्य आहे. वाचकाशी कोणत्या नात्याने बोलावयाचे, याचा निर्णय इंग्रजी लेखकाला पुढे ढकलता येतो. मराठी लेखकाला तो पहिल्याच वाक्यात करावा लागतो. ही अडचण असली, तरी आजी नातवाशी, मित्र मित्राशी किंवा परका परक्याशी बोलतो त्या वेळचे सूक्ष्म भेद निवडीचाच विषय करण्याची संधीही तीतूनच मिळते.